शेवटच्या बाकापर्यंत शब्द: छोट्या चर्चची साउंड सिस्टीम

पाप, ताप, शाप. हे तीन शब्द एकामागोमाग मोठ्याने म्हणून बघा. तिन्हींमध्ये आवाजाचा जोर 'आ'वर पडतो. अर्थ मात्र ठरतो पहिल्या व्यंजनावर, आणि ते व्यंजन 'आ'पेक्षा कितीतरी हळू आणि निमिषभराचं असतं. घुमणाऱ्या चर्चमध्ये आधीच्या शब्दाचा 'आ' अजून छताखाली फिरत असतो, तेवढ्यात नव्या शब्दाचं व्यंजन येतं आणि त्यात बुडून जातं. "आवाज येतोय, पण काय म्हणतायत ते कळत नाही" ही मागच्या बाकांवरची तक्रार इथून येते. त्यावर बहुतेक ठिकाणी आवाज वाढवला जातो. आवाजाबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना हा उपासनेचा कणा आहे आणि तो सगळा शब्दांचा आहे. त्यामुळे शंभर-सव्वाशे माणसांच्या चर्चसाठी सिस्टीम लावताना प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावावी: शेवटच्या बाकावर पाप आणि शाप वेगळे ऐकू येतात का? गाण्याची गोडी, रेकॉर्डिंग, थेट प्रक्षेपण हे सगळं त्यानंतर.

आधी वास्तू ऐका

सामानाची यादी करायच्या आधी रिकाम्या चर्चमध्ये वेदीपाशी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत सेकंद मोजा. मग मागच्या भिंतीपाशी जाऊन पुन्हा तेच करा. हा घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरायला लागणारा वेळ, मोजण्याची रीत वॉलेस सॅबिन यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत हार्वर्डमध्ये बसवली. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून अंथरल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि किती गाद्यांनी किती फरक पडतो ते मोजलं. त्यातून आलेलं सूत्र आजही पुरतं: घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६१ ने गुणा आणि वास्तूतल्या एकूण शोषणाने भागा.

१५ मीटर लांब, ९ मीटर रुंद, ५ मीटर उंच असं चर्च घेऊ. आकारमान ६७५ घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून ५१० चौरस मीटर. सगळं गिलाव्याचं आणि फरशीचं असेल, तर सरासरी ५ टक्के आवाज शोषला जातो असं धरा. म्हणजे शोषण साडेपंचवीस. उत्तर येतं सव्वाचार सेकंद. आता शंभर माणसं बाकांवर बसवा. प्रत्येक माणूस अंदाजे ०.४५ चौरस मीटर शोषण घेऊन येतो. एकूण शोषण होतं सत्तरच्या वर आणि घुमणं दीड सेकंदावर उतरतं. बोलण्यासाठी एक सेकंदाच्या आसपास उत्तम, सामूहिक गायनासाठी दीड सेकंद छान. याच चर्चमध्ये शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये केलेली जुळणी रविवारी भरल्या हॉलमध्ये वेगळी का वागते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि सकाळच्या प्रार्थनेला दहाच माणसं येत असतील, तर ती साडेतीन सेकंदांपेक्षा जास्त घुमणाऱ्या वास्तूत बसलेली असतात हेही लक्षात ठेवा.

वास्तू सुधारायची तर पहिला पैसा मागच्या भिंतीवर घाला. वेदीवरून निघालेला आवाज १५ मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला ८७ मिलिसेकंद लागतात. साधारण ५० मिलिसेकंदांच्या पुढे आलेलं परावर्तन कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळतं, त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द उशिरा परत ऐकू येतात आणि तो अडखळतो. ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल किंवा ग्लासवूल, वर कापड, मागे ५० मिलिमीटर मोकळी हवा, अशा चौकटी त्या भिंतीच्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपासून वर लावल्या की हा त्रास बराच जातो. बाकांवर गाद्या घातल्या तर दुसरा फायदा: बाक रिकामा असला तरी शोषण शिल्लक राहतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवू नका. त्याने फक्त वरच्या पट्टीचा आवाज खाल्ला जातो, नेमकी व्यंजनं मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. शिवाय दोन्ही पटकन पेटतात. मेणबत्त्या जळणाऱ्या वास्तूत तर हा धोका घेऊच नये.

पंखे आणि वातानुकूलन यंत्रंही ऐका. बोलणं मागच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावं, २५ असेल तर फारच चांगलं. खडखडणारा पंखा दुरुस्त करणं हा पुष्कळदा नव्या स्पीकरपेक्षा मोठा बदल ठरतो.

स्पीकर: माणसांवर रोखा, भिंतींवर नको

कुठल्याही घुमणाऱ्या वास्तूत स्पीकरपासून एका ठरावीक अंतरावर थेट आलेला आवाज आणि घुमणारा आवाज सारखे होतात. त्याला क्रांतिक अंतर म्हणतात. त्याच्या पुढे घुमारा जास्त, शब्द कमी. आवाज चहूकडे सारखा फेकणारा स्पीकर आपल्या उदाहरणातल्या भरल्या चर्चमध्ये लावला, तर हे अंतर जेमतेम १.२ मीटर येतं. आवाज एकाच दिशेला दहापट एकवटणारा स्पीकर लावला तर ३.८ मीटर. शब्द समाधानकारक कळण्याची मर्यादा या अंतराच्या साधारण तिप्पट असते, म्हणजे पहिल्या बाबतीत साडेतीन मीटर आणि दुसऱ्या बाबतीत अकरा-साडेअकरा. पहिला स्पीकर दुसऱ्या-तिसऱ्या बाकापाशी संपला. दुसरा जवळजवळ शेवटपर्यंत गेला. वॅट दोघांचे सारखेच.

म्हणून छोट्या, घुमणाऱ्या चर्चसाठी मी जवळजवळ नेहमी कॉलम स्पीकरच्या बाजूने आहे. त्यात लहान लहान स्पीकर एकावर एक उभे बसवलेले असतात. त्याचा आवाज आडवा पसरतो आणि उभा मात्र अरुंद पट्ट्यात राहतो, म्हणजे छताला आणि फरशीला कमी जातो, बाकांना जास्त मिळतो. एक मर्यादा आहे. कॉलमची लांबी ज्या तरंगलांबीएवढी असते त्याच्या खालच्या स्वरांवर त्याचा ताबा राहत नाही. एक मीटरचा कॉलम साधारण ३४० हर्ट्झच्या (सेकंदाला ३४० कंपनांच्या) वरच आवाज नीट बांधून ठेवतो. अर्धा मीटरचा सुबक दिसणारा कॉलम ६८० च्या खाली साध्या खोक्यासारखा वागतो. घ्यायचा तर मीटरभर किंवा त्याहून लांब घ्या.

जागा: वेदीच्या दोन्ही बाजूंना, पुलपिटच्या (प्रवचनाच्या उंच ओट्याच्या) दीड-दोन मीटर पुढे, म्हणजे माइक नेहमी स्पीकरच्या मागे राहतील. कॉलमचं खालचं टोक बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडं वर, दीड ते दोन मीटरवर. बसलेल्याचा कान १.२ मीटरच्या आसपास असतो. किंचित खाली झुकवा आणि थोडा आत वळवा, म्हणजे बाजूच्या भिंतीवर कमीत कमी आवाज सांडेल. साधे खोक्याचे स्पीकर असतील तर अडीच-तीन मीटरवर लावून त्यांचं तोंड मागच्या एक-तृतीयांश भागातल्या डोक्यांकडे रोखा. चौथ्या-पाचव्या बाकाकडे रोखलेला स्पीकर पुढच्यांचे कान फोडतो आणि मागच्यांना घुमारा देतो. आणि मागच्या दोन कोपऱ्यांत वेदीकडे तोंड करून जादा स्पीकर बसवायची सवय सोडा. ते थेट माइकमध्ये बोलतात, आणि मधल्या बाकांवर एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

सगळं मोनो ठेवा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज. डाव्या-उजव्या वाटणीचा आनंद फक्त मधल्या वाटेवर उभ्या असलेल्याला मिळतो, आणि तिथे कोणी बसत नाही.

वॅट किती? कॉलमची संवेदनशीलता एक वॅटला एक मीटरवर ९२ डेसिबल धरा. १० मीटरवर २० डेसिबल कमी होतात, उरतात ७२. म्हणजे साध्या बोलण्याला एक वॅट पुरतो. शब्दांचे क्षणिक उंचवटे सरासरीच्या १२ ते १५ डेसिबल वर जातात, त्यासाठी तीस-बत्तीस वॅट. गाण्याची सरासरी ८२ धरली आणि १२ डेसिबल वर मोकळीक ठेवली तर दीडशेच्या पुढे. प्रत्येक स्पीकरला १५० ते २०० वॅटचा अँप (अँप्लिफायर) या आकाराच्या चर्चला भरपूर होतो. हजार वॅट मागणाऱ्याला आधी विचारा की घुमणं मोजलं का.

सज्जाच्या खाली आवाज जात नसेल, किंवा चर्च वीस मीटरच्या पुढे लांब असेल, तर अर्ध्या वाटेवर छोटे दुय्यम स्पीकर लावावे लागतात, आणि त्यांना डिले द्यावाच लागतो, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडावा लागतो. आवाजाला एक मीटर जायला २.९ मिलिसेकंद लागतात. दुय्यम स्पीकर मुख्य स्पीकरच्या १० मीटर पुढे असेल तर २९ मिलिसेकंद, आणि त्यावर आणखी १० ते १५. वरचे हे १०-१५ का? १९४९ मध्ये हेल्मुट हास यांनी दाखवून दिलं की दोन सारखे आवाज थोड्या अंतराने आले, तर कान पहिल्याची दिशा खरी मानतो, दुसरा थोडा मोठा असला तरी. मग जवळच्या स्पीकरमधून शब्द स्पष्ट होतो आणि तरी तो वेदीवरूनच आल्यासारखा वाटतो. डिले न देता दुय्यम स्पीकर लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

टांगणीबद्दल एकच पण कडक गोष्ट. स्पीकरच्या वजनाच्या किमान पाचपट भार झेलणारं कडं हवं, आणि त्याशिवाय स्वतंत्र कड्यावर दुसरी स्टीलची सुरक्षा-तार. गिलाव्यात प्लगने मारलेला स्क्रू हा आधार नव्हे. जुनी लाकडी तुळई किंवा दगडी कमान असेल तर बांधकाम जाणणाऱ्या इंजिनियरला दाखवल्याशिवाय भोक पाडू नका. खाली माणसं बसतात.

माइक तोंडाजवळ, आणि कमीत कमी

अंतर दुप्पट झालं की माइकला मिळणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. वाचकाने तोंड १५ सेंटिमीटरवरून ६० वर नेलं तर १२ डेसिबल गेले. ते भरून काढायला गेन (माइकच्या सिग्नलची वाढ) वाढवला की खोलीचा घुमाराही १२ डेसिबलने वर येतो आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून सुटणारी शिट्टीही जवळ येते. माइकचा ब्रँड बदलून हे नुकसान भरत नाही.

पुलपिटसाठी लवचिक दांड्याचा गूजनेक कंडेन्सर माइक चांगला. तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटर, हनुवटीच्या किंचित खालून वर पाहणारा, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर वरून निघून जाते. फोमची टोपी कायम असू द्या. याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो. तो मिक्सरवरून, म्हणजे सगळे माइक जिथे जोडले जातात त्या यंत्रावरून, दिला जातो आणि देता-काढताना त्या चॅनलचा (त्या माइकच्या वाटेचा) फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली हवा, नाहीतर धप्पकन आवाज येतो. एका पुलपिटवर शोभेसाठी दोन माइक लावतात आणि दोन्ही चालू ठेवतात, तेव्हा बोलणारा डावीकडे सरकला की दोन माइकपर्यंतच्या वाटा असमान होतात. फरक १७ सेंटिमीटर झाला की १००० हर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकांना खोडतो, आणि मान हलेल तसा आवाज पोकळ-भरीव होत राहतो. दुसरा माइक राखीव असेल तर तो बंदच ठेवा.

फादर किंवा पाळक वेदीपासून पुलपिटपर्यंत फिरत असतील तर कानाला अडकवायचा हेडसेट माइक घ्या, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटरवर. झग्याला लावायचा कॉलर माइक दिसत नाही हे खरं, पण तो तोंडापासून वीस सेंटिमीटर दूर असतो, मान वळली की आवाज बदलतो आणि कापड घासलं की खरखरतो. घुमणाऱ्या चर्चमध्ये या दोघांतला फरक शेवटच्या बाकावर सहज कळतो.

गायकवृंदाला प्रत्येकी माइक देऊ नका. पंधरा-वीस गायकांना एक लहान डायफ्रामचा कंडेन्सर पुरतो, पहिल्या रांगेच्या ६० ते ९० सेंटिमीटर पुढे आणि तेवढाच वर, मागच्या रांगेच्या तोंडांकडे रोखलेला. दोन लागले तर त्यांच्यामधलं अंतर गायकांपासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवा. छोट्या चर्चमध्ये तीस जणांच्या गायनाला स्पीकरची गरजच नसते. तो माइक रेकॉर्डिंगसाठी ठेवला तरी चालतो. एकट्या गायकासाठी साधा डायनॅमिक हँडमाइक, तोंडाला जवळजवळ टेकवून. आणि माइकची जाळी मुठीत धरू नये, हे गायकाला प्रेमाने पण दर वेळी सांगा. मूठ बसली की माइकची मागची छिद्रं बंद होतात, तो चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी सुटते.

उघड्या माइकचा हिशेब कायम डोक्यात हवा. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. जो बोलत नाही त्याचा माइक मिक्सरवर बंद. सिस्टीम सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सीचे नियम देशोदेशी वेगळे असतात, खरेदीआधी तपासा. रिसीव्हर लोखंडी कपाटात कोंडू नका; अँटेना बाहेर, माणसांच्या डोक्यांच्या वर, वेदी दिसेल अशा. माणसाचं शरीर या लहरी शोषतं, म्हणून मागच्या खोलीत ठेवलेला रिसीव्हर सभा उभी राहिली की तुटक वागतो. प्रत्येक उपासनेला पूर्ण भरलेले सेल घाला. अर्धे शिल्लक म्हणून वापरलेले सेल प्रवचनाच्या मध्यावर संपतात.

कीबोर्ड आणि गिटार डीआय बॉक्समधून घ्या; ही वाद्याचा सिग्नल माइकच्या वायरीजोगा करून देणारी छोटी पेटी. साधी जॅकची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ती भुणभुण गोळा करायला लागते. डीआय तिला बॅलन्स्ड करतो, म्हणजे गोंगाट वजा करता येईल अशा दोन तारांवर आणतो. गिटारच्या पिकअपला ॲक्टिव्ह डीआय, कीबोर्डला साधा पॅसिव्ह चालतो.

वायर आणि वीज

माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पिन १ म्हणजे शिल्ड (वायरीचं संरक्षक आवरण), २ हॉट, ३ कोल्ड. २ आणि ३ वर तोच सिग्नल उलटसुलट जातो, वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींवर सारखा बसतो आणि मिक्सरमध्ये वजा होऊन जातो. एका टोकाला २ आणि ३ चुकून अदलाबदल झाले तर आवाज येतच राहतो, पण शेजारच्या माइकबरोबर तो माइक पोकळ ऐकू येतो. असा दोष शोधायला तास लागतो, म्हणून प्रत्येक वायर बसवण्याआधी टेस्टरवर तपासा आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा.

माइकच्या वायरी विजेच्या वायरींपासून किमान ३० सेंटिमीटर दूर न्या, ओलांडायच्या तर काटकोनात. पाइपमध्ये आज लागतात त्यापेक्षा चार वायरी जास्त टाका. पुढच्या वर्षी भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. डिजिटल मिक्सर आणि स्टेजबॉक्स (वेदीजवळ माइक जोडायची पेटी) घेतला तर एकच कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत सगळे चॅनल नेते, पण ती एक तुटली की सगळंच बंद, म्हणून दुसरी राखीव घालून ठेवा.

स्पीकरची वायर जाड हवी. २० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध होतो ०.२८ ओहम, आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ०.३ डेसिबल जातात. ०.७५ची वायर वापरली तर ०.९ ओहम आणि जवळजवळ एक डेसिबल. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की अँपला ४ ओहम दिसतात. तिसरा-चौथा जोडण्याआधी अँपची किमान मर्यादा वाचा. बरेच लहान स्पीकर लांब लांब पसरायचे असतील तर १०० व्होल्टची लाइन सोयीची. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर वॅट निवडायचे आणि सगळ्यांची बेरीज अँपच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची. त्या लाइनवर ८ ओहमचा साधा स्पीकर चुकूनही जोडू नका, जळतो.

सतत 'हूंऽऽ' येत असेल तर बहुधा अर्थिंगचा फेरा आहे: मिक्सर एका बोर्डावरून, अँप दुसऱ्यावरून, आणि दोन्ही अर्थ वेगळ्या वाटेने जमिनीत. सगळी ध्वनियंत्रणा एकाच स्वतंत्र सर्किटवरून, एकाच अर्थवरून चालवा. त्यानेही गेलं नाही तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरीतला अर्थचा जोड सोडवणारं बटण. प्लगची अर्थची पिन तोडून हूं घालवणारे भेटतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. हातात धातूचा माइक धरून उभा असलेला माणूस आणि विजेचा धक्का यांच्यामध्ये ती पिनच असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप. बंद करताना आधी अँप. उलट केलं की प्रत्येक वेळी स्पीकरला ठोका बसतो.

मिक्सर कुठे, आणि शिट्टी कशी काढायची

मिक्सर त्याच हॉलमध्ये, मागच्या तिसऱ्या हिश्शात, बाकांमध्येच ठेवा. बंद खोलीत, सज्जाखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवला की चालवणाऱ्याला मंडळीला ऐकू येतं ते ऐकूच येत नाही. भिंतीपाशी तर खालचा स्वर फुगलेला असतो आणि तो विनाकारण कापला जातो. बारा चॅनल पुरतात.

फेडर शून्यावर ठेवून, बोलणाऱ्याला खऱ्या आवाजात वाचायला लावून गेन चढवा: ॲनालॉगवर मीटर शून्याभोवती, डिजिटलवर उणे १८ च्या आसपास. "हॅलो, चेक" वर गेन लावला तर वाचन सुरू झाल्यावर तो नेहमी चुकीचा निघतो. प्रत्येक बोलण्याच्या चॅनलवर लो-कट, म्हणजे खालचे स्वर कापणारं बटण, १०० ते १२० हर्ट्झला चालू करा. माणसाच्या आवाजातलं शब्दांना लागणारं काही तिथे खाली नाही, आणि चर्चचा घुमारा बराचसा तिथेच आहे. आवाज गुदमरल्यासारखा वाटला तर २०० ते ३५० मध्ये ३-४ डेसिबल कमी करा. व्यंजनं २००० ते ४००० मध्ये राहतात. तिथे वाढवण्याआधी खालचं कापून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

मग शिट्ट्या काढा. पुलपिटचा एकच माइक उघडा, बाकी बंद. मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा फेडर, हळूहळू चढवा. पहिला स्वर गुणगुणायला लागला की थांबा, फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपवर त्याची फ्रिक्वेन्सी बघा, ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर (प्रत्येक पट्टीचे स्वर वेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) ती पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. पुन्हा चढवा, पुढची पकडा. चार-पाच पट्ट्यांनंतर एकाच वेळी दोन-तीन स्वर गुणगुणू लागतील. तिथे थांबायचं. मास्टर त्या टोकापासून ६ डेसिबल खाली आणायचा, तीच रोजची कमाल मर्यादा. दहा-बारा पट्ट्या ओढूनही काम होत नसेल तर इक्वलायझरचा दोष नाही. माइक दूर आहे किंवा स्पीकर मागे आहे. शिट्टी आपोआप मारणारी यंत्रं मिळतात. अपघातापुरती ठीक आहेत, पण लांबवलेला ऑर्गनचा स्वरही त्यांना कधीकधी शिट्टी वाटतो आणि तो कापला जातो.

गायकांसमोरचा मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माइकला जिथे ऐकू येत नाही तिथे ठेवा: कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या अगदी मागे, सुपरकार्डिऑइडच्या (त्याहून अरुंद ऐकणाऱ्याच्या) १२५ अंशांवर, म्हणजे मागे पण थोडा बाजूला. दोन्हींत माइक कुठला ते माहीत नसेल तर त्याच्या कागदावरचं चित्र बघा. मॉनिटर प्री-फेडर ऑक्सवरून (मिक्सरमधून फेडरच्या आधीच काढलेल्या वेगळ्या वाटेवरून) द्या, म्हणजे हॉलचा फेडर हलवला तरी गायकाचा आवाज हलत नाही. थेट प्रक्षेपणालाही वेगळा ऑक्स हवा. हॉलमध्ये ऑर्गन आपसूक ऐकू येतो, म्हणून मुख्य मिक्समध्ये तो जवळजवळ नसतो. तोच मिक्स बाहेर पाठवला की घरी बसलेल्यांना नुसतं प्रवचन आणि दूरवरची कुजबुज मिळते. मंडळीच्या गायनासाठी एक माइक छताखाली टांगून तो फक्त त्या ऑक्सला जोडा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी

प्रत्येक मंडळीत श्रवणयंत्र वापरणारी माणसं असतात आणि बहुतेक वेळा ती पुढच्या बाकावर बसून ओठ वाचत असतात. बाकांच्या भोवती जमिनीलगत एका तांब्याच्या तारेचा फेरा घालून त्याला लूप अँप जोडला, की टी-कॉइल (चुंबकीय क्षेत्र पकडणारी बारीक गुंडाळी) असलेल्या श्रवणयंत्रात माइकचा आवाज घुमाऱ्याशिवाय थेट पोहोचतो. यासाठी आयईसी ६०११८-४ हे मानक आहे. जोरदार बोलण्यावर चुंबकीय क्षेत्र मीटरला ४०० मिलिअँपिअर हवं. जमिनीत सळ्या असतील तर क्षेत्र दबतं आणि मोठा अँप किंवा वेगळी मांडणी लागते. माइकच्या वायरी आणि इलेक्ट्रिक गिटार या तारेपासून दूर. लूपला सिग्नल फक्त बोलण्याच्या माइकचा द्या, कीबोर्ड भरू नका. आणि लूप बसवलाय हे दाराशी चिन्ह लावून कळवा. टी-कॉइल चालू करायला लागतो हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

शब्दांची चाचणी

यंत्राने मोजायचं तर एसटीआय नावाचा, शब्द किती स्पष्ट पोहोचतात ते सांगणारा आकडा असतो, ० ते १. चर्चसाठी ०.५ ही खालची मर्यादा समजा, ०.६ आला तर चांगलं. यंत्र नसेल तर कागद-पेन्सिल पुरते. सारखे भासणारे पंचवीस शब्द लिहा: पाप, ताप, शाप, माप, वाणी, पाणी, राणी, दान, गान, मान, प्रीती, भीती, रीती, वाट, पाट, घाट, असे. क्रम उलटापालटा करा. वाचणाऱ्याने प्रत्येक शब्द "आता लिहा ..." अशा एकाच वाक्यात, नेहमीच्या गतीने वाचावा, म्हणजे आधीच्या शब्दांचा घुमारा खऱ्या प्रवचनासारखा अंगावर येतो. पाच जणांना पाच ठिकाणी बसवा: पुढे, मध्ये, शेवटी, सज्जाखाली, आणि बाजूच्या खांबामागे. त्यांनी ऐकलं ते लिहायचं, अंदाजाने दुरुस्त करायचं नाही. त्यात किमान एक साठीच्या पुढचं माणूस असावं. वरच्या फ्रिक्वेन्सी वयानुसार कानांतून आधी जातात आणि व्यंजनं तिथेच असतात.

बाविसाच्या खाली बरोबर आलेली जागा चिन्हांकित करा आणि चुका वाचा. सगळ्या चुका 'स', 'श', 'त' यांच्या असतील तर त्या जागेला स्पीकरचा थेट आवाज मिळत नाही. स्पीकर फिरवा किंवा खांबामागे छोटा स्पीकर द्या. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील तर घुमारा जास्त आहे. मास्टर थोडा खाली घेऊन, लो-कट १५० वर नेऊन, वाचणाऱ्याला जरा सावकाश वाचायला सांगून पुन्हा चाचणी घ्या. एका वाचकाच्या वेळी कमी आणि दुसऱ्याच्या वेळी जास्त गुण पडले तर माइक आणि तोंडामधलं अंतर मोजा. ही चाचणी एकदा रिकाम्या चर्चमध्ये आणि एकदा भरल्या चर्चमध्ये करा. डिजिटल मिक्सर असेल तर दोन्हींच्या जुळण्या वेगवेगळ्या नावांनी साठवा. ॲनालॉग असेल तर प्रत्येक नॉबच्या जागेचा फोटो काढून मिक्सरच्या झाकणावर चिकटवा, म्हणजे आठवडाभरात कोणी हात लावला तरी उपासनेच्या आधी पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं.